भरलेलं पिस्तूल आणि घरातले हात: एका कुटुंबाचं प्रकरण

पिस्तुलाचा परवाना आहे, धमकी खरी आहे आणि घरात लहान मूल आहे. अशा घरात पिस्तूल भरून, ट्रिगर दाबला की गोळी सुटेल अशा स्थितीत ठेवायचं का, हा या प्रकरणातला प्रश्न. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. ज्या तपशिलांवर निर्णय ठरला ते मात्र तसेच ठेवले आहेत.

घर चार माणसांचं. नवरा पंचेचाळिशीतला, बायको शिक्षिका, मुलगा नऊ वर्षांचा आणि नवऱ्याचे वडील, निवृत्त सैनिक. नवऱ्याचा भागीदारीतला धंदा मोडला होता. पैशांवरून खटला चालू होता आणि माजी भागीदाराच्या माणसांचे धमकीचे फोन येत होते. रात्री उशिरा फाटकाबाहेर गाडी येऊन थांबायची, कोणी उतरायचं नाही, थोड्या वेळाने निघून जायची. पोलिसांत तक्रार झालेली होती. हे मी सुरुवातीलाच सांगते, कारण 'कशाला हवंय पिस्तूल घरात' असं म्हणून हात झटकणं सोपं असतं. ज्याच्या फाटकापाशी गाडी थांबते त्याचं त्या उत्तराने भागत नाही.

मी पिस्तूल चालवायला शिकवते. नवरा-बायको माझ्याकडे सोबत आले, पण वेगवेगळं उत्तर ऐकायला. तो म्हणाला, "मॅडम, चेंबरमध्ये राउंड नसेल तर ते नुसतं लोखंड. दार फोडून कोणी आत आलं तर मी स्लाइड ओढत बसू का?" (राउंड म्हणजे काडतूस, चेंबर म्हणजे नळीच्या मागची जागा जिथून ते फायर होतं. स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग; तो मागे ओढून सोडला की मॅगझिन या काडतुसांच्या डबीतलं एक काडतूस चेंबरमध्ये चढतं.) ती म्हणाली, "पिस्तूल एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या कपाटात आणि दोन्हींना कुलूप. त्याशिवाय मला झोप लागणार नाही."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. दोघंही चेंबरबद्दल बोलत होते, हीच अडचण होती.

आधी काय चाललं होतं

पिस्तूल स्ट्रायकर पद्धतीचं, म्हणजे ट्रिगर दाबला की आतली स्प्रिंगवरची पिन सुटून काडतुसावर आदळते असं. बाहेरून लावायचा सेफ्टीचा खटका त्याला नव्हता. पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये, रुमालाखाली ते असायचं. मॅगझिन कायम भरलेलं. चेंबरमध्ये मात्र कधी राउंड असायचा, कधी नसायचा. धमकीचा फोन आला की रात्री नवरा स्लाइड ओढून राउंड चढवायचा आणि सकाळी मुलगा उठायच्या आत उतरवून ठेवायचा.

मी पहिलं बंद करायला लावलं ते हे. पूर्ण भरलेलं वाईट की पूर्ण रिकामं वाईट यावर वाद घालता येतो, पण 'कधी भरलेलं, कधी रिकामं' हे दोन्हींपेक्षा वाईट. रोज भरायचं आणि उतरवायचं म्हणजे अर्धवट झोपेत, घाईत, रोज दोनदा भरल्या पिस्तुलाशी खटपट करायची. उतरवताना क्रम एकच असतो: आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढून चेंबरमधला राउंड बाहेर काढायचा, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानेही चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर जुना राउंड बाहेर पडतो आणि नवा आत जाऊन बसतो. माणसाच्या डोळ्यांसमोर बाहेर पडलेलं काडतूस असतं, हातात मॅगझिन असतं, आणि 'रिकामं झालं' याची त्याला शंभर टक्के खात्री असते. मग तो ट्रिगर दाबतो. अनेक स्ट्रायकर पिस्तुलं साफसफाईसाठी खोलताना आधी ट्रिगर दाबावाच लागतो, हेही लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट पुष्कळ परवानाधारकांना ठाऊकच नसते. तोच राउंड पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये चढवला की दर वेळी त्याची गोळी चेंबरच्या तोंडाशी असलेल्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर, आपटते आणि हळूहळू काडतुसाच्या पुंगळीत आत ढकलली जाते. आतली जागा कमी होते आणि फायर होताना दाब वाढतो. याने आणलेल्या काडतुसांतलं एक मी नव्या काडतुसाशेजारी सपाट टेबलावर उभं केलं. उंचीतला फरक मोजपट्टी न लावता दिसत होता, आणि नाकावर रॅम्पच्या ओरखड्यांची चंदेरी रेघ होती. रात्री भरवशाचं म्हणून चढवला जायचा तो नेमका हाच राउंड.

भरलेल्या पिस्तुलाची भीती कुठून आली

बायकोला वाटत होतं की भरलेलं पिस्तूल हातातून पडलं तरी उडतं. ही भीती निराधार नाही, पण तिचं मूळ जुनं आहे. कोल्टच्या १८७३ च्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर, म्हणजे मागून काडतुसावर आदळणारा हातोडा, खाली असला की त्याचं टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकायचं. हॅमरवर आपटून ते पडलं की गोळी सुटायची. म्हणून जाणती माणसं सहाच्या जागी पाचच काडतुसं भरत आणि हॅमर रिकाम्या कप्प्यावर ठेवत. पुढे रचना बदलत गेली. रुगर कंपनीने १९७३ मध्ये ट्रान्सफर बार आणला, म्हणजे ट्रिगर दाबला तरच हॅमरचा ठोका पिनपर्यंत पोचवणारी पट्टी. कोल्टने १९८३ च्या सुमारास आपल्या '१९११' नावाच्या पिस्तुलात फायरिंग पिन अडवून धरणारा खटका बसवला. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉक १७ या पिस्तुलात अशी व्यवस्था मुळातच होती. ट्रिगर पूर्ण मागे आल्याशिवाय पिन पुढे जात नाही. अपवाद आहेत. २०१७ मध्ये एका नामांकित मॉडेलसाठी कंपनीला पडल्यावर गोळी सुटण्याच्या तक्रारीवरून मोफत दुरुस्ती जाहीर करावी लागली. पण एकंदरीत चांगल्या स्थितीतलं आधुनिक पिस्तूल आपोआप उडत नाही. ट्रिगर दाबला गेला तरच उडतं.

आता हे वाक्य दिलासा देणारं आहे की घाबरवणारं? यांच्या घरात मला ते घाबरवणारं वाटलं. सगळा धोका ट्रिगरवर येऊन थांबतो, आणि ड्रॉवरमध्ये रुमालाखाली ठेवलेल्या पिस्तुलाचा ट्रिगर उघडा असतो. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, नाही; खटका नाही. अंदाजे अडीच किलोचा जोर पुरतो.

सेकंदांचा हिशोब

नवऱ्याचा मुद्दा वेळेचा होता आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये मांडलेला हिशोब आजही शिकवला जातो: चाकू घेतलेला माणूस २१ फूट, म्हणजे साधारण साडेसहा मीटर अंतर, सुमारे दीड सेकंदात कापतो. होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेम धरायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो.

चेंबर रिकामं ठेवून, पिस्तूल काढता काढता स्लाइड ओढायची पद्धतही नामांकित आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात शांघायच्या पोलिसांना ब्रिटिश अधिकारी विल्यम फेअरबेर्न हेच शिकवत. तिथल्या पिस्तुलांचे सेफ्टीचे खटके त्यांनी चक्क कायमचे निकामी केले होते, कारण ताणाखाली माणूस खटका काढायला विसरतो असा त्यांचा अनुभव होता. उलट अमेरिकन पिस्तूल प्रशिक्षक जेफ कूपर यांनी १९११ पिस्तुलासाठी चेंबर भरलेलं, हॅमर मागे, खटका लावलेला, ही स्थिती सर्वांत योग्य मानली. दोघांच्या शिकवणीत एक गोष्ट समान होती, आणि ती वादात नेहमी हरवते: दोघंही अंगावरच्या पिस्तुलाबद्दल बोलत होते. ड्रॉवरमधल्या नाही.

अंगावरच्या पिस्तुलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्याने रीतसर शिकलंय, ज्याचा सराव चालू आहे, ज्याचा होल्स्टर ट्रिगर पूर्ण झाकणारा आणि कडक आहे, त्याने चेंबर भरलेलं ठेवावं. स्लाइड ओढायला दोन हात लागतात आणि झटापटीत दुसरा हात मोकळा असेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. ज्याचा सराव नाही त्याने पिस्तूल अंगावर बाळगूच नये. रिकाम्या चेंबरने त्याची उणीव भरून निघत नाही.

मग घरातलं काय? मी त्याला डमी राउंड, म्हणजे दारू नसलेली सरावाची काडतुसं, घेऊन यायला सांगितलं आणि रेंजवरच्या एका खोलीत सतरंजी टाकून झोपवलं. दिवे बंद. शिट्टी वाजली की उठायचं, डाव्या हातात टॉर्च धरायचा, पिस्तूल उचलायचं, स्लाइड ओढायची. टॉर्च हातात असताना त्याला स्लाइड नीट ओढता येईना. टॉर्च काखेत धरला तर उजेड छताला. एकदा स्लाइड अर्धवट मागे आणून त्याने हातानेच पुढे सोडली आणि राउंड तिरका अडकला. "बघा, म्हणजे माझंच बरोबर," तो म्हणाला. तेवढ्यापुरतं बरोबरच होतं.

मग चेंबरमध्ये डमी ठेवून तेच पुन्हा केलं. या खेपेला शिट्टीनंतर दारात मी उभी होते, हातात काही नाही, नुसती उभी. दिवा लावायच्या, 'कोण आहे' विचारायच्या आत त्याचा ट्रिगर दाबून झाला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचा मेंदू पहिली काही मिनिटं पूर्ण जागा नसतो, हात मात्र आधी जागे होतात. त्याच्या घरात रात्री उठून फिरणारी दोन माणसं होती: मुलगा आणि वडील.

वेळ हवाच आहे, पण तो चेंबरमधून काढायचा नाही, दारातून काढायचा. त्याच्या घरी जाऊन पाहिलं तर मुख्य दाराची कडी चौकटीत अर्ध्या बोटाएवढ्या स्क्रूंनी बसवलेली. एका लाथेचं काम. फाटकाला दिवा नाही. झोपायच्या खोलीचं दार पोकळ पुठ्ठ्यासारखं. चेंबरमधला राउंड जो अर्धा-पाऊण सेकंद वाचवतो त्यासाठी हा माणूस झोप घालवत होता, आणि मजबूत चौकट, लांब स्क्रू, आडवा अडसर आणि हालचालीवर लागणारा दिवा यांतून मिळणारा कितीतरी जास्त वेळ तसाच पडून होता.

घरातले हात

आता जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. पिस्तूल कोणत्या स्थितीत ठेवायचं हे ठरवताना, मालक झोपेत किंवा बाहेर असताना त्याच्यापर्यंत कोणकोणते हात पोचू शकतात, ते एकेक मोजावे लागतात.

पहिले हात मुलाचे. आईवडील दोघंही म्हणाले, त्याला ठाऊक नाही कुठे असतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हेच तपासलं होतं. मुलांना बंदुकीची जागा माहीत नाही असं सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांची मुलं वेगळं विचारल्यावर जागा माहीत असल्याचं म्हणाली. २००१ चा दुसरा अभ्यास याहून बोलका आहे. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांचे छोटे गट एका खोलीत सोडले होते आणि ड्रॉवरमध्ये खरं पण निकामी केलेलं पिस्तूल होतं. २९ पैकी २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हाताळलं आणि १० गटांत कोणी ना कोणी ट्रिगर दाबला. हाताळणाऱ्या बहुतेक मुलांना बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल आधी काही ना काही शिकवलेलं होतं. तेव्हा 'आम्ही त्याला समजावून सांगितलंय' यावर घर सोपवता येत नाही. याच्या मुलाला मी एवढंच विचारलं, "बाबांच्या खोलीत कशाला हात लावायचा नाही?" त्याने सरळ ड्रॉवरकडे बोट केलं.

दुसरे हात वडिलांचे, आणि यांचा विचार घरात कोणी केलाच नव्हता. त्यांचा स्मृतिभ्रंश वर्षभरात वाढला होता. वार सांगता येत नव्हता, नातवाला कधीकधी मुलाच्या नावाने हाक मारत. सून म्हणाली, "बाबांना आता टीव्हीचा रिमोटही जमत नाही, पिस्तूल काय चालवणार?" मी माझं पिस्तूल रिकामं केलं, दोघांना तपासायला लावलं, खोलीत एकही काडतूस नाही याची खात्री केली आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोट ट्रिगरबाहेर सरळ ठेवलं, मॅगझिन काढलं, स्लाइड मागे ओढून धरली, चेंबरमध्ये पाहिलं, स्लाइड सोडली, भिंतीकडे रोखलं आणि ट्रिगर दाबला. एकही हालचाल अडखळली नाही. मग विचारलं, "गाडी आली का?" कोणती गाडी, ते कोणालाच कळलं नाही. या आजारात घटना पुसल्या जातात, पण हातात मुरलेली कौशल्यं पुष्कळ काळ टिकतात. नातवाला न ओळखणारा माणूस पिस्तूल बिनचूक चालवू शकतो. आणि अशा घरात चेंबर रिकामं ठेवणं हे संरक्षण नव्हे, कारण ते भरणं त्यांना आपल्यापेक्षा चांगलं येतं.

तिसरे हात खुद्द मालकाचे. हा विषय मी दर वेळी काढते आणि दर वेळी समोरचा अवघडतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. बंदुकीने केलेला प्रयत्न दहापैकी जवळपास नऊ वेळा जीव घेतो. इतर अनेक मार्गांत वाचण्याला, मन बदलण्याला वाव राहतो, इथे राहत नाही. इस्रायली सैन्याने २००६ मध्ये सुट्टीवर घरी जाणाऱ्या तरुण सैनिकांना रायफल तळावर ठेवून जायला सांगितलं आणि त्यांच्यातलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. रायफल चालवायला ती मुलं विसरली नव्हती. वाईट घटकेला ती हाताशी नव्हती, इतकंच.

मी त्याला सरळ विचारलं: धंदा बुडालाय, झोप नाही, रात्री तो ड्रॉवर उघडताना कधी स्वतःबद्दल काही मनात येतं का? तो 'छे' म्हणाला. बायको म्हणाली, "मागच्या महिन्यात रात्री उठले तर हे पलंगाच्या कडेवर बसलेले, ड्रॉवर उघडा. मी विचारलं तर म्हणाले आवाज आला." मग तो खाली पाहत म्हणाला, "आवाज नव्हता आला."

काय ठरलं

तिथे चेंबरची चर्चा संपली. पिस्तूल त्याच दिवशी अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा झालं, परवान्यावर नोंद करून. जायला तिघं सोबत होतो. त्याच आठवड्यात तो मानसोपचारतज्ज्ञाला भेटला. वेळ बायकोने घेतली होती, आणि कोणी घेऊन गेलं म्हणून जाता आलं, असं त्याने नंतर सांगितलं. धमकी होती तिथेच होती, म्हणून दार, चौकट, दिवे आणि झोपायच्या खोलीचा अडसर हे सगळं लगेच करून घेतलं. तक्रारीचा पाठपुरावा वकिलामार्फत सुरू झाला.

पिस्तूल परत आलं तर कसं ठेवायचं, तेही लिहून दिलं. अंगावर असेल तेव्हा होल्स्टरमध्ये, चेंबर भरलेलं. अंगावरून उतरलं की होल्स्टरसकट तिजोरीत, पाच मिनिटांसाठीसुद्धा उशाशी नाही. तिजोरी भिंतीत बोल्टने पक्की केलेली, बटणांच्या यांत्रिक कुलपाची. बोटाच्या ठशाची मी नाकारली. २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ६१,००० तिजोऱ्या परत मागवल्या गेल्या होत्या, कारण ठसा नोंदला गेलाय असं मालकाला वाटायचं आणि प्रत्यक्षात ती कोणाच्याही बोटाने उघडायची. सराव असेल तर बटणांची तिजोरी अंधारात चार-पाच सेकंदांत उघडते. तेवढ्या वेळात माणूस जागाही होतो. तिजोरीतल्या पिस्तुलाचं मॅगझिन भरलेलं चालेल, पण या घरात चेंबर रिकामं, भरण्या-उतरवण्याची जोखीम पत्करूनही. मूल, आजारी माणूस आणि नैराश्य यांतलं काहीही नसलेल्या घरात, कुलपाआड भरल्या चेंबरला माझी हरकत नसती, उलट रोजच्या भरण्या-उतरवण्यापेक्षा ते बरं. परवान्याच्या किंवा त्या-त्या देशाच्या कायद्याच्या अटी याहून कडक असतील तर त्या आधी.

बायकोची मूळ मागणी, काडतुसं वेगळ्या कुलपात, हीच धोका सर्वांत कमी करते. २००५ च्या एका अमेरिकन अभ्यासात पिस्तूल रिकामं, कुलपात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात, यांतल्या प्रत्येक गोष्टीचा मुलांच्या अपघात आणि आत्महत्या कमी असण्याशी संबंध दिसला. धमकी नसती तर मी तिचंच उत्तर दिलं असतं.

खटला तडजोडीने मिटला, फोन थांबले. त्याने विचारलं, आता आणू का घरी? त्याच्या डॉक्टरांची हरकत नाही. बायको म्हणते, आणा, पण तिजोरीचा नंबर माझ्याकडेच राहील आणि तुम्हाला हवं तेव्हा मी उघडून देईन. त्याला ते कमीपणाचं वाटतं. मी तिच्या बाजूने आहे, आणि तोवर पिस्तूल विक्रेत्याकडेच आहे.